ठराव झाला, पण नळाला स्वच्छ पाणी आले का?
वस्तीचे आरोग्य आणि ग्रामपंचायतीचे काम



पावसाळ्याचे पहिले दोन आठवडे सरले की प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत तेच रुग्ण दिसू लागतात. लहान मुलांना जुलाब, तरुण मुलाचे डोळे पिवळे, बाईमाणसाला थंडी वाजून ताप. केसपेपरवर पत्ता पाहिला तर एकाच वस्तीतली चार-पाच घरे निघतात. नर्स म्हणून मी अशा रुग्णांना सलाईन लावले, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवले. पंधरा दिवसांनी त्याच घरातले दुसरे मूल आले. कारण गोळीने जुलाब थांबतो, पण गटारातून गेलेली फुटकी पाइपलाइन गोळीने दुरुस्त होत नाही. ते काम ग्रामपंचायतीचे आहे. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर औषधांऐवजी ग्रामपंचायतीविषयी बोलू.

महाडने शिकवलेला धडा

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. पुढे 1924 साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागद तयार झाला, पण आपल्या माणसांना तळ्यावर पाणी भरता येईना. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात जीव आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि 1937 साली मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला.

यातून आपल्या कामाचे दोन धडे निघतात. ठराव होणे आणि नळाला पाणी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि झालेल्या ठरावावर आपण लक्ष ठेवले नाही तर तो फिरवलाही जातो.

आजार कुठून येतो ते ओळखा

पाणी. गावच्या टाकीपासून आपली वस्ती बहुधा लाइनच्या शेवटच्या टोकाला असते. पाणी दिवसातून तासभर किंवा एक दिवसाआड सुटते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो. जोडाला गळती असेल आणि तिथे गटाराचे पाणी साचलेले असेल, तर ती घाण पाइपात शिरते. पुन्हा पाणी सुटले की पहिल्या हंड्यात तीच येते. कोणी थेट नळाला टिल्लू मोटार लावली तर घाण आणखी जोराने ओढली जाते. गॅस्ट्रो, कॉलरा, टायफॉईड आणि काविळीचे अ व ई हे प्रकार अशा पाण्यातून पसरतात.

टाकीत टीसीएल पावडर टाकली म्हणजे काम संपले, असे नाही. शेवटच्या नळाला क्लोरीन पोहोचला का, हे बघायचे असते. त्यासाठी ओटी चाचणी आहे. नळीत पाणी घेऊन त्यात ओटीचे थेंब टाकले की लगेच पिवळा रंग यायला हवा. रंग आला नाही तर क्लोरीन नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम असावा लागतो. ही चाचणी टाकीजवळच्या नळावर करून वहीत सही मारू देऊ नका. जलसुरक्षकाला आपल्या वस्तीतल्या शेवटच्या घराच्या नळावर बोलवा. टीसीएल उघड्या पोत्यात, ओलीत पडून असेल तर तिची ताकद गेलेली असते. साठा कुठे ठेवला आहे, तेही बघा.

गटार. सांडपाणी घरासमोर साचले की डास होतात. डेंग्यूचा डास मात्र गटारापेक्षा स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. रांजण, सिमेंटची टाकी, टायर, पत्र्याचे डबे ही त्याची घरे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून कोरडी करायची. पण दोन दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात बाई पाणी साठवणारच. पाणी रोज आले तर साठवण कमी होईल, साठवण कमी झाली तर डेंग्यू कमी होईल. डेंग्यूसुद्धा शेवटी पंचायतीच्या व्हॉल्व्हपर्यंत जाऊन पोहोचतो.

दिवा आणि रस्ता. खांबावर दिवा नसणे हा आरोग्याचाही प्रश्न आहे. अंधारात शौचाला किंवा शेतावरून येताना पाय सापावर पडतो. मुली-बायका संध्याकाळनंतर बाहेर पडायला घाबरतात, पाणी कमी पितात, लघवी रोखून धरतात. मग लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दवाखान्यात येतात. रस्ता नसेल तर 108 ची गाडी वस्तीच्या बाहेर थांबते आणि बाळंतीण बाजेवर न्यावी लागते.

शौचालय आणि विहीर. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किंवा हातपंपापासून निदान 15 मीटर दूर असावा. हातपंपाचा ओटा फुटला असेल तर वरचे घाण पाणी खाली झिरपते. ओट्याची दुरुस्ती छोटी असते, पण ती कोणी मागतच नाही.

हे काम कायद्याने पंचायतीचे

73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे 29 विषय आहेत. त्यांत पिण्याचे पाणी, आरोग्य व स्वच्छता, रस्ते, ग्रामीण वीज, सार्वजनिक मालमत्तेची देखभाल हे सगळे येते. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 45 मध्येही पंचायतीची कर्तव्ये ठरवून दिली आहेत. तेव्हा गटाराची मागणी करताना कोणाच्या उपकाराची भाषा वापरायची गरज नाही.

पैसा नाही, हे उत्तर तर नेहमी ऐकायला मिळते. त्यावर पुढच्या गोष्टी विचारा.

1. पंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी हे पैसे कशावर गेले?
2. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीत 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली होती. त्यातले काम आपल्या वस्तीत कोणते झाले?
3. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजना, म्हणजे पूर्वीची दलित वस्ती सुधार योजना, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून चालते. गटार, रस्ता, पाणी, दिवे यांसाठी वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे पैसे मिळतात. आपल्या वस्तीची लोकसंख्या आराखड्यात किती लिहिली आहे? ती कमी लिहिली असेल तर निधीही कमी येतो.
4. स्मशानभूमीचे शेड, रस्ता, पाणी यांसाठी जनसुविधा योजनेतून अनुदान आहे. प्रस्ताव पाठवला का?
5. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला दर वर्षी 10,000 रुपयांपर्यंत मुक्त निधी मिळतो. आशाताई आणि अंगणवाडीताई या समितीत असतात. त्यांच्याकडे खर्चाचा हिशेब मागा.

ग्रामसभेत कसे बोलायचे

वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. बहुतेक गावांत त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होतात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, अशी तरतूद कायद्यातच आहे. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सभासद आहे.

अडचण अशी, की आपली माणसे सभेत जातात, मोठ्याने बोलतात आणि घरी येतात. वहीत काहीच लिहिले जात नाही. एका गावात आमच्या महिला मंडळाने सलग दोन सभांत गटाराचा विषय तोंडी मांडला. तिसऱ्या सभेत मागचे इतिवृत्त वाचायला लावले, तर त्यात गटार हा शब्दच नव्हता. त्यानंतर बायकांनी पद्धत बदलली. सभेच्या आधी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेतली, सोबत वस्तीतल्या जुलाबाच्या रुग्णांची घरवार संख्या जोडली. सरपंचताईंनी तो विषय विषयपत्रिकेवर घेतला. त्या पावसाळ्यात पाइपलाइन गटारातून बाहेर काढली गेली. गटाराचे काम पुढच्या वर्षाच्या आराखड्यात गेले आणि आजही अर्धेच झाले आहे. त्यासाठी बायका अजून जातात.

तेव्हा ही क्रमवार पद्धत लक्षात ठेवा.

अ) आधी पाहणी करा. महिला मंडळाच्या चार जणींनी वही घेऊन वस्तीत फिरावे. गळती कुठे, बंद दिवा कोणत्या खांबावर, पाणी कुठे साचते, महिन्यात जुलाब-ताप किती घरांत, हे लिहावे. रुग्णाचे नाव सभेत वाचू नये, फक्त संख्या सांगावी.

आ) अर्ज द्या. एका अर्जात एकच मागणी. असा लिहिता येईल:

"प्रति, मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी. विषय: वस्तीतील पिण्याच्या पाइपलाइनची गळती दुरुस्त करणे. आमच्या वस्तीत विहाराजवळील गटारातून पाइपलाइन जाते व तिला दोन ठिकाणी गळती आहे. गेल्या महिन्यात … घरांत जुलाबाचे रुग्ण झाले. तरी लाइन तातडीने दुरुस्त करावी, शेवटच्या नळावर दररोज ओटी चाचणी करावी व हा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती."

खाली सह्या-अंगठे घ्या. दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घ्या.

इ) सभेत ठरावाचा क्रमांक विचारा. काम कोण करणार, कोणत्या निधीतून आणि कधीपर्यंत, हे ठरावात लिहायला सांगा.

ई) काम हलले नाही तर तीच पोहोच जोडून पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे जा, त्यानंतर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. खर्चाची कागदपत्रे माहिती अधिकारात मागता येतात. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ, आणि उत्तर साधारण 30 दिवसांत मिळाले पाहिजे.

उ) पाण्याच्या जागेवर, रस्त्यावर किंवा स्मशानभूमीत जातीमुळे कोणी अडवले तर तो दुरुस्तीचा अर्ज राहत नाही. घटनेच्या कलम 15 ने सार्वजनिक विहिरी, तळी, रस्ते सर्वांना खुले केले आहेत आणि अशी अडवणूक अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे पोलीस ठाण्यात फिर्याद द्यायची.

भाऊसाहेबांशी आणि सरपंचांशी बोलताना आवाज चढवण्याची गरज पडत नाही. वहीतला आकडा आणि पोहोचेचा कागद पुरेसा बोलतो. आणि ज्या दिवशी काम होईल, त्या दिवशी जलसुरक्षकाला चहा पाजा. तो उन्हातान्हात टाकीवर चढतो, त्याचाही पगार बऱ्याचदा थकलेला असतो.

काम होईपर्यंत घरात काय करायचे

• नळाचे सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नका, धुण्याभांड्याला वापरा.
• पिण्याचे पाणी उकळा. ते जमत नसेल तर आशाताईंकडून मेडिक्लोर घ्या, बाटलीवर लिहिले आहे तेवढेच थेंब टाका आणि अर्धा तास थांबून प्या. हंड्यात हात बुडवू नका, ओगराळे वापरा.
• जुलाब सुरू झाले की ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध थांबवू नका. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शौचातून रक्त पडले तर लगेच दवाखाना.
• ताप आला तर मनाने दुखीच्या गोळ्या घेऊ नका. डेंग्यूत ॲस्पिरिन किंवा आयब्रुफेनने रक्तस्राव वाढू शकतो. रक्त तपासून घ्या.
• साप चावला तर कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू न देता सापाच्या विषावरची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या, 108 ला फोन करा. मण्यार रात्री झोपेत चावतो आणि खूण दिसतही नाही. म्हणून जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. रात्री बाहेर जाताना बॅटरी हवीच.

वर्षावासात आपण विहारात रोज संध्याकाळी जमतो. ग्रंथवाचन झाल्यावर त्यातला एक दिवस या पाहणीला द्या. वही कोणाकडे राहील ते त्याच बैठकीत ठरवा आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी पहिला अर्ज पोहोच घेऊन ठेवा. पहिली मागणी सगळ्यात लहान निवडा: बंद पडलेला दिवा किंवा हातपंपाचा फुटका ओटा. एक काम पूर्ण झालेले बायकांनी डोळ्यांनी पाहिले की दुसऱ्या अर्जावर सह्या मागत फिरावे लागत नाही.