भुंकणं थांबवायचंय? आधी पट्टा काढा

आमची राणी गावठी, कोथरूडच्या सोसायटीत वाढलेली. लिफ्टचं दार वाजलं की भुंकायची आणि बेल वाजली की घर डोक्यावर घ्यायची. तक्रारी वाढल्या तेव्हा एका ट्रेनरने तिच्या गळ्यात शॉकचा पट्टा बांधला. भुंकली की झटका! थोड्याच दिवसांत राणी गप्प झाली. मग एका दुपारी कुरियरवाला दारात आला. राणी भुंकली नाही, गुरगुरली नाही. तिने थेट त्याच्या पोटरीला दात लावले. जीन्स जाड होती म्हणून रक्त आलं नाही.

तिची भीती होती तिथेच होती, गेला होता तो इशारा. दारात माणूस आला की मानेला झटका बसतो, एवढंच ती शिकली होती. मग माणसाचा राग येणारच.

पट्टा काढला आणि मोबाइलवर बेलचा आवाज रेकॉर्ड केला. तो अगदी बारीक लावायचा, राणीचे कान नुसते टवकारतील इतपत, आणि लगेच उकडलेल्या चिकनचा एक तुकडा द्यायचा. आवाज आधी, खाऊ नंतर. हा क्रम उलटा झाला तर उपयोग नाही. ती भुंकली तर आवाज मोठा झाला असं समजायचं आणि पुन्हा कमी करायचा. यात घाई करू नका. काही दिवसांनी बेल वाजताच तिने दाराकडे न बघता माझ्याकडे बघितलं, तेव्हा मला खरंच भरून आलं. नंतर घरातल्याच कुणीतरी बाहेर जाऊन खरी बेल वाजवायची, आणि राणीने चटईवर बसायचं.

‘शांत’ हा शब्द ती गप्प झाल्यावर, हळू आवाजात म्हणा आणि खाऊ द्या. तिच्यावर ओरडलात तर तुम्हीही भुंकताय असंच तिला वाटेल.

काही मागण्यासाठी भुंकत असेल तर लक्ष देऊ नका. सुरुवातीला भुंकणं वाढतं, आणि नेमकं तेव्हाच आजी बिस्किट देते! घरातल्या सगळ्यांचं एकमत हवं. घरात एकटं राहिल्यावर कुत्रा रडत-भुंकत असेल, किंवा म्हातारा कुत्रा अचानक भुंकू लागला असेल, तर आधी पशुवैद्याला दाखवा. कान दुखत असेल, ऐकू कमी येत असेल.

भुंकतो म्हणून कुत्रा पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण कुत्र्याला, विशेषतः रात्री, शांत ठेवण्याचा प्रयत्न करा, असंही त्याच सूचनांत आहे. ज्यांची झोपमोड होते, त्या शेजाऱ्यांना जिन्यात भेटून सांगा, शिकवणं चालू आहे, थोडे दिवस सांभाळून घ्या.