नागरिक की गिऱ्हाईक?

अॅडमिशनच्या वेळी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेपा कुणी घातल्या नाहीत? तेव्हा वाटतं, सरकारने आपल्याला गिऱ्हाईक समजावं, निदान नीट बोलतील तरी! 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने बरंच दिलंय : ठरलेली मुदत, वर अपील, आणि कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. (पावती मात्र जपून ठेवा.) दाखल्यापुरतं हे मला पटतं.

पण पाण्याचं काय? पवना धरण आपल्या मावळात. पिंपरी-चिंचवड महापालिका रावेतला नदीतून पाणी उचलते. त्याऐवजी धरणातूनच बंद पाइपने पाणी न्यायची योजना आली. गिऱ्हाईकाच्या हिशेबाने चोख काम : शहर पाणीपट्टी भरतं, नदीत पाणी वाया जातं, घाण होतं, तेव्हा पाइप टाका. परीक्षेत मीही हेच उत्तर लिहीन. पण नदीकाठचा शेतकरी महापालिकेचा गिऱ्हाईकच नव्हे. त्याची शेती त्या वाहत्या पाण्यावर. त्याची तक्रार कुठल्या खिडकीवर घेणार? गिऱ्हाईक दुकान बदलतो, याने धरण कुठलं बदलायचं? पाइप कुठून जाणार, नदीत किती सोडणार, हे ठरवताना त्याला बोलावणं हाच खरा मुद्दा होता, आणि तो बिलात बसत नाही.

9 ऑगस्ट 2011 ला शेतकरी बऊरजवळ एक्स्प्रेस-वेवर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तिघे गेले, त्यात एक बाई होती. योजनेचं काम थांबलं, ते पुढे कित्येक वर्षं रखडलं, आणि शहराच्या नळालाही ते पाणी आलं नाही.