खोट्या आरोपापुढे मौन की जबाब?

प्रश्न : मी आमच्या मंडळीचा खजिनदार आहे. अर्पणाच्या पैशांत मी अफरातफर केली, अशी कुजबुज चालू आहे. ख्रिस्ती माणसाने हे मुकाट्याने सोसावे काय?

उत्तर : आपल्या पत्रातील व्यथा अंतःकरणास भिडली. पिलातापुढे आरोपांचा वर्षाव होत असता प्रभू निरुत्तर राहिले, हाच प्रसंग आपण मनी धरलेला दिसतो. परंतु महायाजकाच्या शिपायाने चपराक मारली तेव्हा, माझ्या बोलण्यात वावगे काय ते दाखव, असे त्यांनीच विचारले होते, आणि पौलाने तर खोट्या फिर्यादीविरुद्ध फेस्तापुढे उभे राहून थेट कैसराकडे दाद मागितली, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या २५व्या अध्यायात नमूद आहे. तेव्हा मौन हे सार्वत्रिक फर्मान नव्हे. आणि जो पैसा मंडळीचा, त्याविषयी मौन पाळण्याचा अधिकार खजिनदारास, माझ्या मते, मुळीच नाही.

जमाखर्चाची वही व पावत्या पाळकांच्या स्वाधीन करून हिशेब तपासण्याची लेखी मागणी आपणच करावी. आरोप करणाऱ्यास मात्र, मत्तयाच्या १८व्या अध्यायातील क्रमानुसार, प्रथम एकांतात भेटावे; तो न ऐकेल तर एकदोन साक्षीदार न्यावेत, आणि त्यानंतरच गोष्ट मंडळीपुढे मांडावी. त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करणे आज आपणास अशक्यप्राय वाटेल, तरीही ती करावी, कारण द्वेषाने भरलेल्या मनाने दिलेली खरी कैफियतही सूडासारखीच ऐकू येते. रविवारची वाट न पाहता, कृपा करून, आजच त्या बंधूच्या घरी जावे.