पदव्युत्तर विद्यार्थी आणि प्राध्यापकांची भेट

आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ हे गाव लक्ष्मीनारायणाच्या प्राचीन मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा असल्याने या परिसरात तेलुगूबरोबर मराठीही नांदते. येथील विद्यार्थ्यास विद्यापीठात जावयाचे झाल्यास हैदराबादचे उस्मानिया (स्थापना १९१८), वरंगळचे काकतीय (१९७६) किंवा नांदेडचे विद्यापीठ (१९९४) गाठावे लागते. तेथे अंतरापेक्षाही संकोच अधिक आड येतो.

गुरुजींना प्रश्न विचारून त्रास देऊ नये, ही शिकवण घरी आदरापोटी दिली जाते. परंतु पदव्युत्तर अभ्यासात तीच हानिकारक ठरते. व्याख्यानाखेरीज प्राध्यापक भेटीसाठी जो वेळ राखून ठेवतात, तो अध्यापनाचाच भाग होय. ती मेहेरबानी नव्हे. अडलेली शंका मनात ठेवल्यास प्रबंध रखडतो, वर्ष वाया जाते आणि कुटुंबाने पोटाला चिमटा घेऊन केलेला खर्च व्यर्थ होतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन यांच्याशी जडलेला त्यांचा ऋणानुबंध पुढेही टिकला. बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील १९२५ च्या ग्रंथास सेलिग्मन यांचीच प्रस्तावना आहे. लंडनचे प्राध्यापक कॅनन यांनी १९२३ साली त्यांच्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथास प्रस्तावना लिहिली आणि तीत आपला मतभेदही नमूद केला. गुरूशी मतभेद म्हणजे अनादर नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

भेटीस रिक्त हस्ते जाऊ नये. काय वाचले, कोठे अडले आणि स्वतः कोणता प्रयत्न केला, हे कागदावर लिहून न्यावे. ‘काहीच समजले नाही’ असे म्हणण्याऐवजी नेमके पान व मुद्दा दाखवावा. प्रकरणाचा मसुदा दाखवावयाचा असल्यास तो काही दिवस आधी द्यावा. भाषेची अडचण असल्यास ती प्रारंभीच सांगावी. परतल्यावर मिळालेल्या सूचना त्याच दिवशी टिपून ठेवाव्यात व पुढील भेटीची तारीख निश्चित करावी.

प्राध्यापकांनीही भेटीची वेळ दारावर लावावी आणि ती पाळावी. पहिल्या भेटीत तुटक उत्तर मिळालेला खेड्यातील विद्यार्थी सहसा दुसऱ्यांदा येत नाही.

या सवयीचा पाया मात्र गावच्या शाळेतच घातला जातो. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलाला शिक्षकांनी गप्प बसविले नाही, तर तोच मुलगा उद्या विद्यापीठातील दार निःसंकोचपणे ठोठावील.