६५० थोर की ६२५?

प्रश्न : २०१६मध्ये माझ्या भावाने रेडमी नोट ३ घेतला, त्यात स्नॅपड्रॅगन ६५० ही चिप होती. पुढच्या वर्षी मी त्याच कंपनीचा नवा नोट ४ घेतला, तर त्यात निघाली ६२५! फोन नवा आणि आकडा लहान. भाऊ म्हणायचा, माझाच फोन चपळ. पण त्याचा फोन संध्याकाळीच चार्जरला लागायचा आणि माझा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालायचा. आता नातीला कॉलेजसाठी फोन घ्यायचा आहे. एकात ‘स्नॅपड्रॅगन ६ जेन १’ आहे, दुसऱ्यात ‘७एस जेन २’, आणि तो तीन हजारांनी महाग आहे. मी आयुष्यभर गणित शिकवलं, पण हे आकडे कोणत्या नियमाने चढतात-उतरतात ते मला उलगडलेलं नाही.
— एक निवृत्त शिक्षिका, कराड

उत्तर : बाई, तुमचं आणि भावाचं, दोघांचंही बरोबर होतं. गणितात न बसणारी ही गोष्ट नीट पाहिली, तर मोबाइलच्या चिपचं निम्मं शास्त्र हाती येतं. म्हणून तुमच्या घरातल्या त्या दोन फोनपासूनच सुरुवात करू.

६५०मध्ये सहा कोअर होते. कोअर म्हणजे चिपच्या आत हिशेब करणारा गडी. त्या सहांपैकी दोन गडी ‘कॉर्टेक्स-ए७२’ जातीचे, म्हणजे पैलवान. उरलेले चार ‘ए५३’, म्हणजे कमी खाऊन बेताचं काम करणारे. तुमच्या ६२५मध्ये आठ कोअर होते, पण आठही ए५३. पैलवान एकही नाही. एखादं अॅप उघडताना किंवा मोठं वेबपान मांडताना बहुतेक भार एका-दोन कोअरवरच पडतो. तिथे भावाचे दोन पैलवान पुढे जायचे. तो म्हणत होता ते खरंच होतं.

पण ६५० घडवली होती २८ नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर आणि ६२५ घडवली होती १४ नॅनोमीटरच्या. नॅनोमीटरचा हा आकडा जितका लहान, तितके चिपवरचे ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म नळ, लहान आणि जवळजवळ. २८वरून १४वर येताना ट्रान्झिस्टरची रचनाही बदलली. पूर्वी तो सपाट होता, आता वर उचललेल्या पात्यासारखा झाला. त्यामुळे बंद नळातून वीज झिरपणं खूप कमी झालं. दोन्ही फोनच्या बॅटऱ्या जवळपास सारख्याच होत्या, ४००० एमएएचच्या आसपास. तुमचा फोन दुसऱ्या दिवसापर्यंत टिकायचा तो या प्रक्रियेमुळे. ती चिप इतकी नावाजली, की पुढची दीड-दोन वर्षं मोटो जी५ प्लस, एमआय ए१ अशा एकामागून एक फोनमध्ये तीच दिसत राहिली.

आता आकड्याचं. भावाच्या त्या चिपचं जाहीर झालेलं पहिलं नाव ६५० नव्हतंच. ते होतं ६१८. डिसेंबर २०१५मध्ये स्नॅपड्रॅगन चिप काढणाऱ्या क्वालकॉम कंपनीने ६१८चं ६५० केलं आणि तिच्या भावंडाचं, ६२०चं, ६५२. चिपमध्ये काहीच बदललं नव्हतं. पण आधीच्या ६१५ आणि ६१७मध्ये फक्त ए५३ कोअर होते आणि या दोघींत पैलवान होते. हा फरक ६१८ या आकड्यातून दिसत नव्हता, म्हणून त्यांना वरचा पाट दिला. तेव्हा हा आकडा मोजून आलेला नाही, तो ठरवून दिलेला आहे. शाळेच्या भाषेत सांगायचं तर हे गुण नाहीत, हजेरीपटावरचा क्रमांक आहे.

ही पाटांची पद्धत आली कशी, तेही सांगतो. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या क्वालकॉमने स्नॅपड्रॅगन हे नाव २००६मध्ये जाहीर केलं. सुरुवातीला महागड्या फोनसाठी एकच घराणं होतं. जानेवारी २०१०मध्ये आलेल्या गूगलच्या नेक्सस वनमध्ये त्याचीच एक गिगाहर्ट्झची चिप होती. मग एस१ ते एस४ अशा पिढ्या झाल्या. पण एस४ नावाखाली स्वस्त आणि महाग सगळंच येऊ लागलं आणि गोंधळ झाला. जानेवारी २०१३मध्ये कंपनीने चार पायऱ्या आखल्या : २००, ४००, ६०० आणि ८००. शेकड्याचा अंक म्हणजे पायरी. मधली ७००ची पायरी २०१८मध्ये आली. सर्वांत खालच्या पायरीवरून तर स्नॅपड्रॅगन हे नावच काढून घेतलं. मार्च २०१७मध्ये साध्या फोरजी फोनसाठीची २०५ चिप दिल्लीत जाहीर झाली, ती नुसती ‘क्वालकॉम २०५’ म्हणून. जिओफोनच्या काही आवृत्त्यांत तीच होती. आपल्या लाखो घरांत पहिलं इंटरनेट ज्या चिपने नेलं, तिला घराण्याचं नाव मिळालं नाही, याची मला खंत वाटते.

पायऱ्या हव्यातच कशाला, सगळ्यांना उत्तमच का देत नाहीत, असं तुमच्या मनात येईल. याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. शंकरपाळ्यांसाठी मोठी पोळी लाटली आणि कातण्याने कापली, की लहान आकारात नग जास्त पडतात, मोठ्या आकारात कमी. चिपही ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या गोल चकतीवर एकदम शेकड्यांनी घडवून मग कापतात. चकती घडवायचा खर्च तोच. महागड्या फोनची चिप आकाराने मोठी, कारण तिच्यात मोठे कोअर, मोठा ग्राफिक्स विभाग आणि जास्त स्मृती असते. तिचे नग कमी पडतात. शिवाय पोळीत कुठे खडा आला, तर ज्या शंकरपाळीत तो आला ती वाया. शंकरपाळी मोठी असेल, तर नुकसानही मोठं. म्हणून वरच्या पायरीची चिप आकाराच्या प्रमाणात नाही, त्याहून जास्त महाग पडते. खडा नेमका एखाद्या कोपऱ्यात असेल, तर तो कोपरा बंद करून बाकीची चिप वापरताही येते. अॅपलच्या ए१५ चिपचा ग्राफिक्स विभाग आयफोन १३मध्ये चार कोअरचा आहे आणि १३ प्रोमध्ये पाचांचा. चिपचं नाव एकच.

यातला माझ्या सगळ्यात आवडीचा भाग म्हणजे वरचं खाली झिरपण्याचा. कोअरचे आराखडे बहुतेक कंपन्या इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या आर्म या कंपनीकडून परवान्याने घेतात. असा एक आराखडा म्हणजे कॉर्टेक्स-ए७८. डिसेंबर २०२०मध्ये तो स्नॅपड्रॅगन ८८८मध्ये आला. तिथे तीन ए७८ होते आणि त्यांच्या डोक्यावर त्याहून तगडा एक एक्स१. ही चिप असलेला एमआय ११ अल्ट्रा आपल्याकडे २०२१मध्ये सुमारे ७० हजारांना होता. जून २०२३मध्ये ‘४ जेन २’ ही खालच्या पायरीची चिप आली. तिच्यात दोन ए७८ होते, २.२ गिगाहर्ट्झचे. ऑगस्टमध्ये ती रेडमी १२ फाइव्हजीमध्ये बसून १०,९९९ रुपयांपासून मिळू लागली. थोरल्याचा सदरा धाकट्याला येतो तसाच हा प्रकार, पण इथे सदरा विटलेला नसतो. आराखडा तोच, शिवण नवी. ८८८ घडली होती ५ नॅनोमीटरवर आणि हा धाकटा ४वर.

पण सगळंच खाली येत नाही. ८८८ने ८के व्हिडिओ टिपता येतो, ४ जेन २मध्ये मजल १०८०पीपर्यंतच. ग्राफिक्स, कॅमेऱ्याचं चित्र घडवणारा विभाग, मोडेम यांत हात आखडता घेतलेला असतो. फोन कंपनीही साठवणुकीची चिप स्वस्तातली लावते. दोन वर्षांनी फोन अडखळायला लागला, की आपण प्रोसेसरला बोल लावतो. पुष्कळदा दोष असतो भरून गेलेल्या, संथ ईएमएमसी साठवणुकीचा. म्हणून तिच्याहून वेगवान यूएफएस साठवणूक आहे का, हे दुकानात आवर्जून विचारा.

झिरपण्याचा वेग असा, की पायऱ्या एकमेकींवर चढतात. ६७५मध्ये ए७६ कोअर होते, तर वरच्या पायरीवरच्या ७१०मध्ये आधीच्या पिढीचे ए७५. हिशेबात ६७५ पुढे, ग्राफिक्समध्ये ७१० पुढे. इथे शेकड्याचा अंक बघून निर्णय घेणारा हमखास फसला असता.

नोव्हेंबर २०२१मध्ये तीन आकडी नावं संपली आणि ‘८ जेन १’ आलं. पहिला अंक पायरीचा, जेननंतरचा पिढीचा. नियम सोपा झाला म्हणावं, तर मागोमाग ‘एस’ आणि ‘प्लस’ आले. तुमच्या नातीसमोरची कोडी त्यातलीच. ६ जेन १ सप्टेंबर २०२२ची, ७एस जेन २ त्यानंतर वर्षभराने आलेली. दोन्हींत चार मोठे ए७८ आणि चार छोटे ए५५. दोन्हींत ग्राफिक्स अॅड्रिनो ७१०. दोन्ही ४ नॅनोमीटरच्या. मोठ्या कोअरचा वेग एकीत २.२ गिगाहर्ट्झ, दुसरीत २.४. तुमच्यासारख्या गणिताच्या बाईंना पुढचं सांगायला नको : फरक नऊ टक्क्यांच्या आसपासचा. पायरी बदलल्याचा आव नावात आहे, चिपमध्ये नाही. नुसत्या चिपसाठी तीन हजार जास्त देऊ नका. महागड्या फोनचा कॅमेरा चांगला असेल, साठवणूक दुप्पट असेल किंवा सुरक्षेचे अपडेट जास्त वर्षं मिळणार असतील, तर मात्र त्या पैशांचं चीज होईल.

प्रश्न : माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणतं, मीडियाटेक नको, स्नॅपड्रॅगनच हवा. आणि आठ कोअर हवेतच. या दोन्ही गोष्टींत तथ्य किती?
— एक वाचक, लातूर

उत्तर : दुसरीत फार कमी. आठ कोअरचं वेड लावलं ते मीडियाटेकनेच. तैवानमधल्या सिंचूची ही कंपनी १९९७ची. आधी सीडी-डीव्हीडीच्या चिप करायची, मग फोनकडे वळली. ती नुसती चिप विकत नसे, फोनचा जवळजवळ तयार आराखडा आणि सॉफ्टवेअरही सोबत द्यायची. त्यामुळे चीनमधल्या लहान कारखानदारांनाही फोन काढता आले आणि आपल्याकडे स्वस्त फोनचा पूर आला. नोव्हेंबर २०१३मध्ये तिची एमटी६५९२ आली. आठही ए७ कोअर एकाच वेळी चालणारी. २०१४मधल्या मायक्रोमॅक्स कॅनव्हास नाइटमध्ये तीच होती. त्याआधी क्वालकॉमच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आठ कोअरची कल्पनाच मूर्खपणाची ठरवली होती. फेब्रुवारी २०१४मध्ये त्याच क्वालकॉमने आठ कोअरची ६१५ जाहीर केली. तंत्र बदललं नव्हतं. गिऱ्हाईक खोक्यावर आठ शोधू लागलं होतं. ए७ हा तगडा कोअर कधीच नव्हता आणि आठ ए७ म्हणजे दोन पैलवान होत नाहीत. वरच्या प्रश्नातली सहा कोअरची ६५० आठवा.

पहिल्या गोष्टीत एके काळी थोडं तथ्य होतं. मीडियाटेकचा ग्राफिक्स विभाग बेताचा असायचा, फोन तापायचे. पण तापण्याचा दोष कोणा एकाचा नाही. २०१५ची स्नॅपड्रॅगन ८१० त्यासाठीच गाजली आणि सॅमसंगने त्या वर्षी गॅलेक्सी एस६साठी ती घेतलीच नाही, स्वतःची एक्झिनोस बसवली. २०२२मध्ये क्वालकॉमने ८ जेन १चं घडवण्याचं काम सॅमसंगकडून टीएसएमसी या चिप घडवणाऱ्या कंपनीकडे नेऊन ८ प्लस जेन १ काढली. त्याच वेगाला वीज ३० टक्के कमी लागते, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. दोन्हींवर ४ नॅनोमीटरच लिहिलेलं. म्हणजे तोही आकडा आता नावापुरता राहिला आहे, चिप कोणाच्या कारखान्यात घडली हे विचारावं लागतं. मीडियाटेकची नोव्हेंबर २०२१ची डायमेन्सिटी ९००० टीएसएमसीतच घडलेली आणि ती सरळ वरच्या पायरीवर जाऊन बसली.

नाव बदलून जुनंच देण्यात मीडियाटेकही मागे नाही. २०२०ची डायमेन्सिटी ७०० पुढे ६०२० या नावाने पुन्हा आली. नातीसाठी फोन घेणाऱ्या बाईंना जे सांगितलं, तेच तुम्ही गिऱ्हाइकाला सांगा. मोठे कोअर कोणत्या जातीचे, ए७५ की ए७६ की ए७८? साठवणूक ईएमएमसी की यूएफएस? अपडेट किती वर्षं? तुमच्या काउंटरवर या तीन प्रश्नांचा कागद चिकटवून ठेवा. आकडा शेवटी बघा.