इसार द्या, पण पावती घ्या

बोरी हे जिंतूर तालुक्यातले मोठे गाव. परभणीहून जिंतूरला जाताना ते रस्त्यावरच लागते. बोरीतल्या एका घराची ही गोष्ट आहे. गोष्ट बोरीची म्हणून सांगितली, पण ती तुमच्याही गावात घडू शकते.

या घरात दोन मुली. थोरलीचे लग्न ठरले. कापूस विकून चार पैसे हाती आले होते. बस्ता झाला. मांडव ठरला. बँडवाल्याला सुपारी दिली. मग थोरली म्हणाली, "आई, नवरीला सजवायला बाई सांगायची का? माझ्या सगळ्या मैत्रिणींनी सांगितली होती."

आईने वडिलांकडे पाहिले. वडील म्हणाले, "सांगा. लग्न एकदाच होतं."

आई तालुक्याला गेली. एका दुकानात सजवणारी बाई भेटली. गोड बोलली. "काळजी करू नका मावशी, मी सकाळीच येते. ३,००० रुपये इसार ठेवा." आईने पदराची गाठ सोडली. पैसे मोजून दिले. कागद मागितला नाही. मागून तरी काय उपयोग? आईला तेव्हा वाचता येत नव्हते.

लग्नाचा दिवस उजाडला. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. बाई आली नाही. फोन लागेना. थोरली हळदीच्या अंगाने, ओल्या केसांनी बसून राहिली. शेवटी शेजारच्या वहिनीने तिची वेणी घातली. तिनेच कुंकू लावले. मुंडावळ्या बांधल्या. मुहूर्त साधला. पण नवरी बोहल्यावर चढली ती रडलेल्या डोळ्यांनी.

आठ दिवसांनी आई पैसे मागायला गेली. बाई म्हणाली, "कोणते पैसे? कधी दिले? कागद आहे का?"

आई परत आली. एसटीत बसून तिने मनाशी एक गोष्ट ठरवली. गावात रात्रीचा वर्ग सुरू झाला, तेव्हा पहिल्याच दिवशी ती पाटी घेऊन गेली.

पूर्वी कसे चालत असे

पूर्वी गावात इसाराची एवढी गरज नव्हती. न्हावी गावचा. कासार ओळखीचा. बलुतेदाराला सुगीत धान्य मिळे. नवरीला सजवायला आत्या, मावशी, करवल्या असत. शब्द मोडला तर दुसऱ्या दिवशी पाराजवळ गाठ पडे. लाजेखातर तरी माणूस शब्द पाळी.

आता तसे नाही. सजवणारी बाई तालुक्याहून येते, जिल्ह्याहून येते. ती आपल्याला ओळखत नाही. आपण तिला ओळखत नाही. दोन अनोळखी माणसांमध्ये भरवसा बांधायचा तर काही तरी मध्ये ठेवावे लागते. त्यालाच इसार म्हणतात. कोणी बयाणा म्हणतात. कोणी ॲडव्हान्स म्हणतात.

ही रीत आपल्याला नवी नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावराचा सौदा ठरला की आधी काही रक्कम हातावर ठेवतात. जमिनीच्या व्यवहारात इसारपावती करतात. पुणे जिल्ह्यात नारायणगाव आहे. तिथे यात्रांच्या हंगामाआधी तमाशाचे फड राहुट्या टाकतात. गावोगावचे लोक तिथे जाऊन तारीख ठरवतात आणि सुपारी देतात. मग त्या तारखेला तो फड दुसरीकडे जात नाही.

इसार दोघांनाही बांधतो. घेणारा बांधला जातो, तसा देणाराही बांधला जातो. हे नीट समजून घ्या. लग्नाच्या तिथी मोजक्याच असतात. आपली तारीख धरली की सजवणारी बाई त्या दिवशी दुसऱ्या नवरीला नाही म्हणते. आपण ऐन वेळी नको म्हटले, तर तिचा दिवस बुडतो. म्हणून ती इसार मागते, यात वावगे काही नाही. वावगे आहे ते पैसे घेऊन पावती न देणे.

धाकटीचे लग्न

दोन वर्षांनी धाकटीचे लग्न ठरले. आता आईला वाचता येत होते. अक्षर जुळवत वाचायची, पण वाचायची.

या वेळी ती दुसऱ्या बाईकडे गेली. आधी चौकशी केली. जिच्या लग्नात ही बाई आली होती, अशा दोन मुलींच्या घरी जाऊन विचारले, "वेळेवर आली होती का? ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले का?" मग धाकटीला घेऊन दुकानात गेली.

बाई म्हणाली, "८,००० रुपये होतील. २,००० आज द्या."

आई म्हणाली, "देते. पण या ८,००० मध्ये काय काय आलं, ते आधी सांगा."

"नवरीचा चेहरा आणि केस."

"साडी नेसवणं?"

"ते पण."

"हळदीच्या दिवशी याल का?"

"त्याचे वेगळे पडतील, मावशी."

"बरं झालं विचारलं. बोरीला यायचं गाडीभाडं कोणाकडं?"

"ते तुमच्याकडं. ५०० रुपये."

"आणि फुलं, गजरा?"

"ते तुम्ही आणायचे."

आई म्हणाली, "हे सगळं लिहून द्या, माय. मग पैसे घ्या."

बाई हसली. "विश्वास नाही का मावशी?"

आई म्हणाली, "विश्वास आहे म्हणून तर आले. पण लग्नघरात शंभर कामं. तुमच्या ध्यानात राहील, माझ्या राहणार नाही. कागदाच्या ध्यानात राहतं."

बाईने पावती लिहिली. आईने ती हाती घेतली आणि तिथेच उभ्याने वाचली. तारीख चुकली होती. लग्न १२ तारखेला आणि पावतीवर २१! आईने बोट ठेवून दाखवले. बाईने जीभ चावली. चूक दुरुस्त करून तिथे सही केली.

आता सांगा, आईला वाचता आले नसते तर काय झाले असते? बाई लबाड नव्हती. तिने मुद्दाम केले नव्हते. पण १२ तारखेला ती आलीच नसती.

पावती कशी असावी

पावतीवर एवढे हवेच :

१. पैसे घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि फोन नंबर.
२. पैसे देणाऱ्याचे नाव.
३. लग्नाची तारीख, वार, गाव आणि सजवायला येण्याची वेळ.
४. कोणते काम करायचे. कोणते करायचे नाही.
५. एकूण किती ठरले : ८,००० रुपये.
६. इसार किती दिला : २,००० रुपये.
७. बाकी किती : ६,००० रुपये. ती कधी द्यायची.
८. गाडीभाडे : ५०० रुपये, वेगळे.
९. तारीख बदलली किंवा लग्न मोडले तर इसाराचे काय होईल.
१०. बाई स्वतः आजारी पडली तर कोण येईल, की पैसे परत मिळतील.
११. पैसे दिल्याची तारीख आणि घेणाऱ्याची सही.

रक्कम आकड्यात लिहावी आणि अक्षरातही लिहावी. आकड्यापुढे शून्य वाढवता येते. अक्षरात तसे करता येत नाही. रोख रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल, तर पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्यावी.

फोनवरून पैसे दिले तर आधी नाव बघा. ज्याला द्यायचे त्याचेच नाव पडद्यावर आले का? मगच पुढे जा. पैसे गेल्याचा निरोप पुसून टाकू नका. तो पुरावा असतो. आणखी एक लक्षात ठेवा. पैसे देताना पिन टाकावा लागतो. पैसे घेताना कधीही पिन लागत नाही. "इसार परत करतो, पिन टाका," असे कोणी म्हणाले तर समजा, तो चोर आहे.

इसार आणि अनामत

हे दोन शब्द वेगळे आहेत. इसार हा ठरलेल्या पैशातून वजा होतो. ८,००० मधून २,००० गेले, ६,००० उरले. अनामत मात्र परत मिळायची असते. भाड्याचे दागिने आणले, तर दुकानदार अनामत ठेवून घेतो. दागिने धडधाकट परत केले की अनामत परत द्यावी लागते. म्हणून पावतीवर 'इसार' लिहिले की 'अनामत', ते वाचा. दागिने घेताना त्यांचा फोटो काढून ठेवा. एखादा खडा आधीच पडलेला असेल, तर तेव्हाच दाखवा.

आधी एकदा सजवून पाहणे

लग्नाआधी एकदा सजवून पाहतात. त्याला ट्रायल म्हणतात. धाकटीच्या वडिलांना ते पटले नव्हते. "एका दिवसाच्या कामाला दोनदा कामून जायचं?" असे ते म्हणाले. पण आई धाकटीला घेऊन गेलीच. लग्नाला तेव्हा तीन आठवडे होते.

बाईने धाकटीच्या कानामागे थोडीशी क्रीम लावली आणि सांगितले, "दोन दिवस बघा." दुसऱ्याच दिवशी तिथे लाल झाले. खाज सुटली. आईने फोन केला. बाईने ती क्रीम बाजूला ठेवली आणि दुसरी लावून पाहिली. ती मानवली. हेच लग्नाच्या सकाळी झाले असते तर?

ट्रायल करताना या गोष्टी पाहा :

लग्नाच्या साडीचे ब्लाउज बरोबर न्या. मुंडावळ्याही न्या. केसांची रचना छान दिसते, पण त्यावर मुंडावळ्या बसत नाहीत, असे पुष्कळदा होते.

सजवून झाल्यावर दुकानातल्या दिव्यात पाहू नका. बाहेर उन्हात येऊन पाहा. आपल्याकडे लग्ने वैशाखातली. मांडवात घाम येतो. दोन तास तसेच राहून पाहा. रंग ओघळतो का, ते कळेल.

डबीवरचे वाचा. बनवणाऱ्याचे नाव आणि मुदत छापलेली असते. मुदत संपलेली वस्तू लावू देऊ नका.

केसांचा रंग लावायचा असेल तर ४८ तास आधी कातडीवर थोडासा लावून पाहा. तसे पाकिटावरही लिहिलेले असते.

मेंदीचे तर फार जपा. खऱ्या मेंदीच्या पाल्याचा रंग आधी नारिंगी येतो, मग तांबूस तपकिरी होतो. तासाभरात काळा होत नाही. तासाभरात काळी होणाऱ्या मेंदीत बहुधा केसांना लावायचे रसायन मिसळलेले असते. त्याने हाताला फोड येतात, कातडी भाजल्यासारखी होते. अशी मेंदी नवरीच्या हाताला लावू नका.

ट्रायलचे पैसे वेगळे की ठरलेल्या रकमेतच, हेही आधी विचारा. ते पावतीवर लिहून घ्या.

शब्द मोडला तर

समजा, पैसे घेऊन बाई आली नाही. मग काय करावे? भांडण करू नका. आधी लेखी मागणी करा. पावतीची नक्कल जोडा. मूळ पावती हातची सोडू नका.

त्याने काम झाले नाही, तर कायदा आहे. आपल्या देशात ग्राहकाच्या रक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्या जागी २०१९ चा नवा कायदा आला. तो जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे देऊन जो वस्तू घेतो किंवा काम करून घेतो, तो ग्राहक. म्हणजे नवरीची आईही ग्राहकच.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. नव्या कायद्याने आपण जिथे राहतो, त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. बाई दुसऱ्या जिल्ह्यातली असली, तरी बोरीच्या माणसाला परभणीतच तक्रार देता येईल. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. त्याआधी सल्ला हवा असेल, तर १९१५ या नंबरवर फोन करा. फोनवर कोणी फसवून पैसे काढले, तर वेळ न घालवता १९३० वर कळवा.

आणि आपण शब्द मोडला तर? तर समोरच्याचे वाजवी नुकसान आपण भरून द्यावे. १८७२ च्या कराराच्या कायद्यातही वाजवी भरपाईच सांगितली आहे. मनाला येईल तेवढे पैसे कोणी बुडवून घेऊ शकत नाही.

शेवटी एक गोष्ट

नवरीला सजवावे. हौस जरूर करावी. पण अंथरूण पाहून पाय पसरावेत. सजवण्यासाठी सावकाराच्या दारी जाऊ नये. मोठा खर्च झेपत नसेल तर थोरलीला सजवणारी शेजारची वहिनी आहेच. प्रेमाने घातलेली वेणीही शोभून दिसते.

धाकटीच्या लग्नात बाई सकाळी आठला हजर झाली. काम संपल्यावर आईने ६,००० रुपये आणि गाडीभाड्याचे ५०० मोजून दिले. पावतीवर 'सर्व रक्कम मिळाली' असे लिहून घेतले. मग ती पावती तिने वहीत ठेवली. त्या वहीच्या पहिल्या पानावर वर्गात गिरवलेला 'अ' अजून आहे.

सांगा पाहू

१. थोरलीच्या आईला पैसे परत का मिळाले नाहीत?
२. इसार आणि अनामत यांत फरक काय?
३. एकूण ९,५०० रुपये ठरले. २,५०० इसार दिला. बाकी किती?
४. काळ्या मेंदीपासून का जपावे?

हे करा

वहीच्या एका पानावर इसाराची पावती लिहा. वर दिलेल्या अकरा गोष्टी तीत आल्या का, ते शेजाऱ्याकडून तपासून घ्या. मग त्याची पावती तुम्ही तपासा.