दुकानातील किरकोळ चोरी : भार कोणावर, उपाय कोणते?

श्रावणी सोमवार असो वा महाशिवरात्र, घृष्णेश्वराच्या दर्शनासाठी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळ येथे यात्रेकरूंची रीघ लागते. १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेल्या लेण्यांमुळे पर्यटकांचा ओघही वर्षभर चालू असतो. या वर्दळीवर अनेक लहान दुकाने चालतात. पूजासाहित्य, रुद्राक्षमाळा, दगडी मूर्ती, शाली असा माल उघड्यावर मांडावा लागतो, कारण वस्तू हातात घेऊन पाहिल्याशिवाय ग्राहक ती घेत नाही. याच मोकळेपणामुळे ऐन गर्दीत एखादी वस्तू पिशवीत सरकवणे सोपे जाते. अशा चोरीला आपण किरकोळ म्हणतो. परंतु तिचा भार किरकोळ नसतो.

नुकसानीचे गणित

नव्वद रुपयांना आणलेली वस्तू शंभर रुपयांना विकली, तर दहा रुपये सुटतात. अशी एक वस्तू चोरीस गेल्यास ती तूट भरून काढण्यासाठी नऊ वस्तू विकाव्या लागतात. मोठी दुकाने हा तोटा किमतीत सामावून घेतात. यात्रेच्या मोजक्या दिवसांवर मदार असलेल्या लहान दुकानदारास ते शक्य होत नाही.

मोजणीत तूट आली की पहिला संशय दुकानातील नोकरावर येतो आणि त्याच्या पगारातून रक्कम कापली जाते. हे न्याय्य नाही. खास ताब्यात दिलेला माल नोकराच्याच हयगयीमुळे गहाळ झाला असेल, तरच कपात करता येते, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात होते. २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम आहे. गर्दीत परक्याने केलेल्या चोरीचा दंड नोकरास करणे या तत्त्वात बसत नाही.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या कलम ३०३ नुसार चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. मात्र वस्तूचे मूल्य पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू अथवा तिचे मूल्य परत केले असेल, तर त्यास सामुदायिक सेवेची शिक्षा दिली जाते. पाच हजारांखालील असा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र आहे. पोलीस त्याची नोंद घेतात. परंतु तपासासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश आवश्यक असतो.

ही सवलत सुधारण्याची संधी देणारी आहे. परंतु लहान चोरीकडे यंत्रणेने दुर्लक्ष केल्यास काय घडते, याची चर्चा अन्य देशांतही चालू आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २०२४ या एका वर्षात दुकानचोरीच्या पाच लाख सोळा हजारांहून अधिक गुन्ह्यांची नोंद पोलिसांनी केली. चोरास हटकणाऱ्या विक्रेत्यांना शिवीगाळ व मारहाण सोसावी लागते, ही तेथील व्यापाऱ्यांची मोठी तक्रार आहे.

आपल्याकडे याउलट धोकाही संभवतो. संशयितास जमावाने मारणे, कोंडून ठेवणे किंवा त्याची अंगझडती घेणे यामुळे दुकानदार स्वतःच गुन्हेगार ठरू शकतो. शांतपणे वस्तू परत मागावी, साक्षीदार ठेवावा आणि प्रसंग चिघळल्यास ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावे, हाच योग्य मार्ग होय.

गाव व शाळा यांचे कार्य

यात्रेपूर्वी ग्रामपंचायतीने दुकानदार, देवस्थान व पोलीस यांची एकत्र बैठक घ्यावी. कॅमेऱ्यांच्या जागा, पुरेसा प्रकाश, ध्वनिक्षेपकावरील सूचना आणि तक्रार नोंदविण्याचे ठिकाण तेव्हाच निश्चित व्हावे. दुकानदारांनी मौल्यवान वस्तू आतील बाजूस ठेवाव्यात, गर्दीच्या वेळी एकट्या नोकरावर दुकान सोपवू नये आणि रोज सायंकाळी मालाची मोजणी करावी.

वेरूळला शालेय सहलीही येतात. एखाद्या मुलाने सहज म्हणून लहानशी वस्तू खिशात घातली, तर शिक्षकांनी त्याची सर्वांसमक्ष मानहानी करू नये. त्याला दुकानात नेऊन वस्तू परत करावयास लावावी आणि ती वस्तू विकून कोणाचे घर चालते, हे समजावून सांगावे. सहलीस निघण्यापूर्वी वर्गात या विषयावर दहा मिनिटे बोलल्यास असा प्रसंग बहुधा टळेल. दुकानदाराचा माल, नोकराचा पगार आणि चुकलेल्या मुलाची प्रतिष्ठा या तिन्हींचे रक्षण होईल अशी व्यवस्था उभी करणे गावाच्या हाती आहे.